हिरवी गोळी खा, पण बीपीची सोडू नका राजेहो

सध्या आमच्या यवतमाळ भागात स्पिरुलिनाच्या, म्हणजे हिरव्या शेवाळाच्या गोळ्यांच्या, डब्यांचं पीक आलंय. कोणाचा भाचा, कोणाचा जावई एजंट झाला की घरोघरी फिरून सांगतो, "काकाजी, नसा साफ होतेत, बीपीची गोळी लागतच नाही." माझं भांडण आहे ते या दुसऱ्या वाक्याशी.

स्पिरुलिना वाईट नाही. ती काही सातासमुद्रापारची जादूही नाही. लोणार सरोवराचं पाणी हिरवं दिसतं त्यात तिच्याच जातीचा मोठा वाटा. (खरं तर ते शेवाळही नाही, सायनोबॅक्टेरिया म्हणजे एक प्रकारचे जीवाणू आहेत. असो.) माणसांवर तिचे प्रयोग झालेत. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) थोडं उतरतं, बीपीही किंचित. पण हे प्रयोग बहुतेक लहान आणि थोड्या दिवसांचे. तिनं हार्ट अटॅक टळतो असं कोणी दाखवलेलं नाही. त्यातलं बी-12 म्हणाल तर बहुतेक आपल्या शरीराला वापरताच येत नाही, हे माळकऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दुसरी डबी शेवाळाच्या तेलाची, ओमेगा-3 ची. मासोळीतलं डीएचए (ओमेगा-3 चाच एक प्रकार) मुळात शेवाळातूनच येतं, त्यामुळे मासे न खाणाऱ्याला ही सोय चांगली. जवसाच्या चटणीतलं ओमेगा-3 वेगळं, त्याचं डीएचए शरीर फारच थोडं बनवतं. पण म्हणून हृदय वाचतं का? अमेरिकेतल्या 'व्हायटल' अभ्यासात 25,871 लोक होते. निम्म्यांना रोज 1 ग्रॅम माशाच्या तेलाची ओमेगा-3 कॅप्सूल दिली. 2018 मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकारानं मृत्यू, हे सगळे मिळून धरले तर लक्षणीय फरक नाही. मोठ्या डोसात तर ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

आता खरी गोष्ट. "एकदा गोळी लागली की जन्माची लागते" ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. एजंट शेवाळ विकतच नाही, तो या भीतीतून सुटका विकतो. गंमत बघा, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनची एक गोळी जड जाते आणि हिरव्या सहा गोळ्या रोज, तेही जन्मभर, बिनतक्रार गिळल्या जातात. बीपी दुखत नाही, म्हणून गोळी सोडल्याचं कळतही नाही. कळतं ते एकदम तोंड वाकडं झाल्यावर. आणि ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. वर्धा, भंडारा जिल्ह्यांत तर रक्तदाबाचा खास सरकारी कार्यक्रम राबवला गेलाय.

वरून ती डबी घेणारा माणूस खर्रा (तंबाखू-सुपारीचा) घोटत बसलेला असतो! महिन्याच्या खर्र्याचा हिशेब केला तर हृदयावर कशानं जास्त परिणाम होईल ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

घ्यायचीच असेल तर घ्या, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. क्लोरेला या दुसऱ्या हिरव्या शेवाळात व्हिटॅमिन के असतं, ते वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम कमी करू शकतं.

पुढच्या वेळी गावात एजंटांची मीटिंग लागली की मी जाणार आहे. अशा डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. एजंटभाऊंनी ती ओळ सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवावी, एवढंच म्हणणार आहे.