पाऊस तोच होता, मग फरक कुठून आला? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यात तळमळ आहे, म्हणून नुसते आभार मानून थांबणं मला पटलं नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घोड, भीमा आणि प्रवरा या खोऱ्यांतल्या तीन हजार वर्षांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला, कारण त्यात पर्जन्यछाया, काळी जमीन, घाटवाटा आणि पिकं यांनाच मुख्य जागा आहे. तुम्ही विचारता, सगळं जमिनीनं आणि पावसानंच ठरवलं असेल तर फुले-आंबेडकरांनी काय केलं? साताऱ्यातल्या दुष्काळी माण-खटावच्या गरिबीची कारणं गेल्या दीडशे वर्षांत मिळत असताना ताम्रपाषाण युगापर्यंत, म्हणजे तांब्या-दगडाच्या हत्यारांच्या काळापर्यंत, जायचं कशाला? आणि शेवटी, असा इतिहास राज्यकर्त्यांच्या सोयीचा ठरतो. ‘पाऊसच नाही, त्याला सरकार काय करणार’ असं म्हणायची त्यांना मोकळीक मिळते.

हा शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्यापासून सुरू करतो.

सह्याद्रीच्या पूर्वेचा हा पट्टा माणसांच्या वस्तीच्या कितीतरी आधीपासून कोरडा आहे. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. १८७६ साली तो आलाच नाही म्हणावा इतका कमी आला. पुढच्या दोन वर्षांत दक्षिण भारतात मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसं भुकेनं आणि साथींनी मेली. तोवर बोरघाटातून आगगाडी जाऊन तेरा वर्षं झाली होती. देशात धान्य होतं, परदेशी निर्यातही चालू होती. लोकांच्या हातात पैसा नव्हता आणि धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही हे सरकारचं धोरण होतं. त्यातच दुष्काळाच्या पाहणीला सरकारनं पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरांचं धान्य दिवसाला एका पौंडावर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमवर आणलं. खडी फोडणाऱ्या माणसाचं एवढ्यात भागत नाही हे कळायला वैद्य लागत नाही. मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

आता १९७२ पाहा. पट्टा तोच, नद्या त्याच, आणि ओळीनं तीन वर्षं पावसानं ओढ दिलेली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. हाल झाले, गुरं गेली, मुलं खंगली, मजुरी अपुरी होती आणि तीही वेळेवर मिळत नव्हती. पण १८७७सारखी गावंच्या गावं मेली नाहीत.

जी गोष्ट बदललीच नाही, ती फरकाचं कारण होऊ शकत नाही. कमी पाऊस १८७६ला होता, १९७२लाही होता. म्हणजे जगण्या-मरण्यातला फरक पावसापलीकडे शोधावा लागतो: धोरणात, मजुरीच्या दरात, मतदानाच्या हक्कात, मोर्चांत. ‘पाऊसच नाही’ म्हणणाऱ्या राज्यकर्त्याचं तोंड बंद करायला याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही, आणि हा पुरावा दीर्घ पल्ला घेतल्याशिवाय हाती लागत नाही. एकाच दुष्काळाकडे पाहिलं तर पाऊस हेच कारण वाटतं. अनेक दुष्काळ शेजारी शेजारी ठेवले की त्यातला माणसाचा हात दिसू लागतो.

तुमचे आजोबा बाहत्तरात खडी फोडायला होते असं तुम्ही लिहिलंत. ते काम त्यांना मिळालं, त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. १८७६-७८च्या मृत्यूंनंतर दुष्काळ आयोग बसला, त्याच्या अहवालातून दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि दुष्काळ पडला की सरकारनं कामं काढायची हा नियम कागदावर आला. पुढे स्वराज्यात निवडून येणाऱ्यांना लोकांना तोंड द्यावं लागू लागलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगावच्या भागात आधीच मांडून पाहिलेली कामाच्या हमीची कल्पना बाहत्तरात राज्यभर गेली. १९७७ला तिचा कायदा झाला, १९७९पासून तो अमलात आला आणि २००५च्या केंद्राच्या कायद्यानं तीच वाट पुढे नेली. हा पल्ला डोंगर-नद्यांइतका लांब नाही, पण एखाद्या मंत्र्याच्या कारकिर्दीएवढा छोटाही नाही. संस्था घडायला आणि मुरायला लागणारा हा मधला काळ आहे आणि माझ्या मते समाजाची दिशा बहुतेक वेळा तिथेच ठरते.

आता ताम्रपाषाण युगाकडे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८पासून पुढची बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास तिथे वस्ती झाली आणि ७००च्या सुमारास ती उठली. मधल्या काळातली शंभरावर घरं उजेडात आली. लोकांचं मुख्य पीक जव होतं. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट खोदला होता, बांध घातला होता. धान्याचं कोठार होतं आणि त्याच्या शेजारी इतरांहून मोठं, अनेक खोल्यांचं घर होतं. मेलेल्या लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. इसवी सनापूर्वी १०००नंतर ऐसपैस चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावरची भिस्त वाढते.

असं का झालं? ढवळीकरांचं उत्तर होतं, हवामान कोरडं झालं. पुढच्या संशोधकांनी मुलांच्या हाडांचा आणि पावसाच्या पुराव्यांचा अभ्यास करून हे उत्तर पुरेसं नाही असं दाखवायचा प्रयत्न केला. त्यांच्या मते लोकांनी शेती कशी केली, जमीन किती पिळली, याचाही हिशेब धरावा लागतो. हा वाद मिटलेला नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याचं कारणही दीर्घ पल्ल्यातूनच येतं. इनामगाव उठलं, त्यानंतर सहाएकशे वर्षांत त्याच पुणे जिल्ह्यात सातवाहनांचं जुन्नर भरभराटीला आलं. नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख कोरला गेला, कल्याण-सोपाऱ्याचा माल घाट चढून पैठण आणि तेरपर्यंत जाऊ लागला, जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली. इनामगावकडे पाऊस तेव्हाही जेमतेमच पडत होता. लोखंडाचा फाळ आला होता, तांडे चालू झाले होते, जकात घेणारी सत्ता उभी राहिली होती. एकाच मातीवर आधी एक समाज विरला आणि मग दुसरा फुलला, हे कळायला तीन हजार वर्षं नजरेसमोर लागतात. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

पिकांचीही तीच गोष्ट आहे. ज्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीला आपण या मातीची ओळख मानतो, ती दोन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली. मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आले. जमीन कायम राहिली, तरी तिच्यावर काय पिकतं आणि कुणाच्या ताटात जातं हे पुन्हा पुन्हा बदललं.

फुले-आंबेडकरांबद्दल. महाड घ्या. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माणच्या कितीतरी पट. तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं, कारण भरलेल्या तळ्याचं पाणी अस्पृश्यांना बंद होतं. पाण्याचा तुटवडा ढगांतूनच येतो असं मानणाऱ्याला महाड समजणार नाही. शेकडो वर्षं टिकलेल्या जातीच्या नियमाला तिथे माणसांनी उघड आव्हान दिलं. त्या एका दिवसाचं मोठेपण कळायला त्यामागचा लांबलचक काळ डोळ्यांपुढे हवा. तो पुसून टाकला तर महाडचा सत्याग्रह पाण्यासाठीचं एक स्थानिक भांडण होऊन बसेल.

इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी फिरले. देवींची ठाणी, गारगोटीची अतिसूक्ष्म हत्यारं, धनगरांच्या वाटा आणि बौद्ध लेणी यांचा त्यांनी एकमेकांशी संबंध लावला. ते मार्क्सवादी होते. शोषणाकडे डोळेझाक केल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकणार नाही. पण आजच्या शोषणाची मुळं शोधताना अश्मयुगापर्यंत जायला ते कचरले नाहीत.

एका ठिकाणी मात्र जमीन खरोखरच आपल्याला बांधून ठेवते आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे आणि त्याच्या भेगांत पाणी थोडंच मावतं. बाहत्तरनंतर बोअरची यंत्रं गावोगाव पोचली आणि ते थोडं पाणी आपण भराभर उपसू लागलो. धरणांच्या पाण्याचा फार मोठा वाटा थोड्याशा जमिनीवरचा ऊस पितो. कातळ किती पाणी धरणार हे आपल्या हाती नाही. ते कुणाच्या शेतात जाणार हे पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि त्याबद्दल बोलताना मी कुठल्याही सरकारला भूगोलाआड लपू देणार नाही.

गेल्या दीडशे वर्षांवर स्वतंत्र लिहायला हवं हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पुढचा लेख पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या दंग्यावर लिहितो आहे. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचे भाव चढले, युद्ध संपताच ते कोसळले, सारा मात्र वाढवलेलाच राहिला. हे घडलं तेव्हा मोठा दुष्काळ अजून यायचा होता.