फाईल गुरुवारी आली तर काय बिघडते?

गेले काही महिने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक मजकूर सतत फिरतो आहे. मला तो चार वेगवेगळ्या गटांतून आला आणि एकदा तर माझ्याच एका विद्यार्थिनीच्या आईने पाठवला. त्याचा सारांश असा: महाविद्यालयातले प्राध्यापक विषय सोडून तारखा आणि सूचना कवटाळून बसले आहेत, मुलाला विषय आला की नाही एवढेच पाहावे, फाईल सोमवारी आली की गुरुवारी हे पाहू नये, कोकणातली मुले शेती, बाग आणि होडी सांभाळून शिकतात, त्यांना तारखांत अडकवणे अन्यायाचे आहे, सूचना इतक्या लांबलचक असतात की त्या कुणीच वाचत नाही, बाहेरच्या जगात थोडे मागेपुढे चालतेच, आणि एखादी फाईल उशिरा घेतल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात अठरा वर्षे भूगोल शिकवते आहे. हा मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात विद्यार्थ्यांविषयी कळकळ आहे याबद्दल मला शंका नाही, आणि त्यातला एक आक्षेप मला बराचसा मान्यही आहे. पण बाकीचे आक्षेप चुकीचे आहेत, आणि ते खरे मानले तर ज्या मुलांची बाजू घेऊन ते मांडले आहेत त्याच मुलांचे नुकसान होईल, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

विषय आला की नाही एवढेच पाहावे, असे म्हणताना विषय निराळा आणि तारीख निराळी असे गृहीत धरलेले आहे. दुसऱ्या सत्रात माझे विद्यार्थी आपापल्या गावातली एक विहीर निवडतात आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारपासून बारा आठवडे, दर रविवारी सकाळी, पाणी शेंदायला किंवा पंप लावायला सुरुवात होण्यापूर्वी तिची पाणीपातळी मोजतात. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो, तरीही एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर का येतो, हे पुस्तकातून शिकवता येते. पण जांभ्यातून, म्हणजे इथल्या तांबड्या सच्छिद्र खडकातून, पाणी किती झपाट्याने निघून जाते हे आपल्याच विहिरीच्या कठड्यावरून टेप सोडून बारा आठवडे पाहिले की ते जन्मभर लक्षात राहते. सूचना मोजक्याच आहेत: कठड्याच्या एका चिऱ्यावर खूण करा, दर वेळी त्याच खुणेपासून मोजा, वेळ लिहा, आकडा तिथल्या तिथे वहीत उतरवा आणि दर चार आठवड्यांनी वही दाखवा.

एका वर्षी दोन फायली एकाच दिवशी माझ्या टेबलावर आल्या. पहिलीत पाणी दर रविवारी नेमके 15 सेंटीमीटर खाली गेले होते, बाराही नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या एका वळणाच्या होत्या, आणि त्यातल्या दोन तारखांना रविवार नव्हताच. दुसरी वही पाण्याने फुगलेली होती. तिच्यात एका आठवड्यात पातळी 8 सेंटीमीटर उतरली होती, पुढच्याच आठवड्यात 31, आणि त्या आकड्यासमोर बारीक अक्षरात लिहिले होते: ‘शेजारच्या पोफळीचे शिंपणे सुरू झाले. आज पंप चालू होता, बंद झाल्यावर तासभर थांबून मोजले.’

पहिल्या मुलाला विषय येत नव्हता असे नाही. तोंडी परीक्षेत त्याने जांभ्याची सच्छिद्रता बिनचूक समजावून सांगितली. मात्र वही दाखवण्याच्या तिन्ही तारखा त्याने चुकवल्या, मार्चच्या शेवटी तो जागा झाला, आणि तोपर्यंत जानेवारीतली विहीर मोजायला शिल्लक राहिलेली नव्हती. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तेही जानेवारी, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा ठरलेल्या काळात. ऑगस्टची पातळी ऑक्टोबरात सवडीने मोजता येत नाही. पुळणीचा, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याचा, उतार मोजायचा तर तो ओहोटीलाच मोजावा लागतो आणि शक्यतो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला. तिथे सकाळी सहाला बोलावले असता नऊला येऊन चालत नाही, कारण नऊला त्या वाळूवर पाणी चढलेले असते. अशा वेळी उशीर झालेल्या मुलापुढे दोनच वाटा राहतात, नोंद नाही असे प्रामाणिकपणे लिहिणे किंवा आकडे मनाने रचणे, आणि बहुतेक मुले दुसरी वाट धरतात. तारीख चुकल्याने माझी जी गैरसोय होते ती मी सोसू शकते. खोटा आकडा लिहिण्याची पहिली सवय इथे लागते, याचा मात्र मला मनापासून त्रास होतो.

शेती, बाग आणि होडीचा मुद्दा मनाला भिडणारा आहे, म्हणून तो अधिक बारकाईने पाहिला पाहिजे. ज्या घरांचे नाव पुढे करून ही सवलत मागितली जाते ती घरे तारखांवरच चालतात. यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते आणि त्यापूर्वी बोट किनाऱ्याला लागली पाहिजे, हे हर्णै, नाटे किंवा देवगडच्या कोणत्याही खलाशाच्या मुलाला सांगावे लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता येईल ते ढोबळमानाने निघते हे त्याला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. हापूसच्या बागायतदाराच्या घरी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सांगितलेले फवारणीचे वेळापत्रक पाळले जाते, पहिली फवारणी पोपटी पालवीवर, दुसरी मोहोराचे बोंगे फुटताना आणि पुढच्या साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. आणि दहा लिटर पाण्याला औषध किती मिलिलिटर हे नीट वाचल्याशिवाय तिथे कुणी पंप पाठीला लावत नाही. सूचना वाचणे आणि वेळ पाळणे या दोन्ही गोष्टी या मुलांच्या हाडीमाशी आहेत.

भाताचे तर विचारूच नये. रोप 21 ते 25 दिवसांचे झाले की लावणी व्हायला हवी, आणि आमच्याकडे अजूनही पुष्कळ गावांत ती पैऱ्याने होते: आज तुमच्या घरची माणसे माझ्या शेतात, उद्या माझ्या घरची तुमच्या शेतात. ज्याचा दिवस ठरला आहे त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत तर त्याचे रोप जून होते, त्याच्यामागच्या सगळ्यांचे दिवस पुढे सरकतात, आणि पुढच्या वर्षी तुमच्या बांधावर कोण येईल याची खात्री राहत नाही. पैऱ्याचा दिवस ज्याला चुकवता येत नाही त्याला सबमिशनचा दिवस पाळता येणारच नाही असे समजण्यात त्याची कणव नाही, त्याच्या घरच्या वळणाचा अपमान आहे. माझ्या वर्गापुरते बोलायचे तर फाईल उशिरा देणारी मुले बहुतांशी या घरांतली नसतात.

गेल्या जुलैत नकाशाकामाच्या फाईलची तारीख आठ दिवसांवर असताना एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. पहिल्या एसटीने आलेली, छत्री दाराबाहेर ठेवलेली आणि फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली. ‘मॅडम, पुढच्या आठवड्यात चार दिवस आमची लावणी आहे, मी कॉलेजला येणार नाही. फाईल आत्ताच दिली तर चालेल का?’ तिने मुदतवाढ मागितलीच नव्हती, आणि मागितली असती तर मी ती तत्काळ दिली असती, कारण अडचण खरी होती आणि ती आधी सांगितलेली होती.

खऱ्या अडचणींना सवलत द्यावी याविषयी माझा वाद नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात ज्यांच्या घरात माणसाच्या डोक्यावर पाणी गेले त्यांना तारीख विचारणारा शिक्षक मी पाहिलेला नाही. पण सवलत कशी असावी याचा उत्तम नमुना आपल्या दाराशीच आहे. कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक काढते, गाड्यांचा वेग कमी करते, आणि ते सगळे आधी जाहीर करते; म्हणून खेडच्या किंवा कणकवलीच्या प्रवाशाला गाडी उशिरा पोहोचणार हे ठाऊक असते आणि तो त्याप्रमाणे निघतो. मी सत्राच्या पहिल्या आठवड्यात लिहून देते की लावणी, घरातले आजारपण, बंद पडलेला रस्ता किंवा मृत्यू अशा कारणांसाठी तारखेच्या आधी, आणि आधी कळवणे अशक्यच असेल तर नंतरही, सांगितल्यास सात दिवसांची वाढ मिळेल. त्या मजकुरात मागितलेली सवलत वेगळी आहे: तारीख उलटून गेल्यावर, कारण न देता, जो येईल त्याची फाईल घ्यावी. अशा सवलतीचा लाभ धिटाईने मागणाऱ्याला मिळतो आणि दारात उभे राहायलाही संकोचणारी मुलगी तिच्यापासून दूरच राहते.

सूचना लांबलचक असतात हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. आम्ही शिक्षक अनेकदा अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतला इंग्रजी मजकूर तसाच खाली उतरवतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यातले निम्मे कळत नाही. माझे स्वतःचे सूचनापत्रक पूर्वी दोन पानी होते. ते मी एका पानावर, मराठीत, दहा ओळींत आणले आणि वर एक नमुना नोंद छापली. त्या वर्षीपासून चुका स्पष्टपणे कमी झाल्या, आणि हे मी आधीच करायला हवे होते. पण दहा ओळींचे पत्रक हातात देऊन, वर्गात वाचून दाखवून आणि गटावर टाकूनही आदल्या रात्री पावणेअकराला संदेश येतो, ‘मॅडम, सबमिशन कधी आहे?’, आणि तारीख त्या संदेशाच्या वर तीन ओळींवर असते. त्याच्या खाली आणखी दोघांचे ‘हो मॅडम, कधी आहे?’ येते. साठ-सत्तर फायलींच्या गठ्ठ्यात पंधरा फायलींवर हजेरी क्रमांक नसला की हस्ताक्षरावरून मालक शोधण्यात एक संध्याकाळ जाते. लांबलचक सूचनांची तक्रार इथे लागू पडत नाही.

बाहेरच्या जगात मागेपुढे चालते, हे विधान कोणत्या जगाविषयी आहे ते मला कळलेले नाही. नीट परीक्षेचा पेपर दोनला सुरू होतो आणि केंद्राचे दार दीडला बंद होते. संघ लोकसेवा आयोगाच्या उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक किंवा प्रश्नपुस्तिकेची मालिका चुकीची भरली तर ती उत्तरपत्रिका बाद होऊ शकते, आतली उत्तरे कितीही बरोबर असली तरी. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीनंतर संकेतस्थळ घेत नाही, आणि त्या पडद्यापुढे रडून उपयोग नसतो. मी रडणारी मुले पाहिली आहेत.

या मजकुराला उत्तर म्हणून माझे काही सहकारी लिहितात की ही पिढीच बेफिकीर आहे आणि मोबाईलने सगळे बिघडवले. तेही मला पटत नाही. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली, म्हणजे हातोहाती मोबाईल येण्याच्या पुष्कळ आधी, प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले होते की तुमचे काम किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात लागले सुमारे 55. सगळेच बिनसले तर किती लागतील, असे विचारले तेव्हाही अंदाज 49 दिवसांच्या आतलाच होता, आणि आपण सांगितलेल्या मुदतीत काम संपवणारे एक तृतीयांशाहूनही कमी निघाले. ती मुले हुशार आणि कामाची होती. आपल्याच कामाचा अंदाज माणसाला बांधता येत नाही, म्हणून शेवटच्या एका तारखेवर सगळा भार टाकण्यात शिक्षकाचीही चूक असते. मधल्या तारखा हव्यात. वही दर चार आठवड्यांनी दाखवण्याचा नियम मी त्यासाठीच केला, आणि तो पाळणाऱ्यांपैकी कुणी आकडे रचल्याचे मला आजवर आढळलेले नाही.

उशिरा फाईल घेतल्याने काय बिघडते, हा प्रश्न राहिला. अंतर्गत गुण विद्यापीठाच्या प्रणालीत ठरलेल्या दिवसापर्यंत भरावे लागतात, म्हणून उशिरा आलेली फाईल मी घाईने पाहते, समासात काही लिहीत नाही, आणि त्या मुलाला त्याची चूक कधीच कळत नाही. माझ्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी एक तरुण सहकारी आहे. तिला पैसे वर्गातल्या तासांचे मिळतात, घरी रात्री तपासलेल्या फायलींचे नाहीत, आणि उशिरा येणारी प्रत्येक फाईल तिच्या अशा एका रात्रीत जाते. वेळेवर दिलेल्यांनी चार दिवस कमी घेऊन जे काम केले त्याला जास्त दिवस घेऊन केलेल्या कामाइतकेच गुण द्यायचे, हा त्यांच्यावरचा अन्यायही कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती मुले तक्रार करत नाहीत. म्हणून विनाकारण उशिराला मी दिवसाला एक गुण कापते आणि पाच दिवसांनंतर फाईल घेत नाही. यापुढेही हाच नियम ठेवणार आहे.

पाण्याने फुगलेल्या त्या वहीतले आकडे, 31 सेंटीमीटरच्या नोंदीसकट, मी दर जानेवारीत नव्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवते, आणि त्या गावातला एखादा विद्यार्थी वर्गात असला तर तो त्याच विहिरीच्या त्याच खुणेच्या चिऱ्यापासून पुढचे मोजमाप सुरू करतो. पहिल्या फाईलमधला एकही आकडा मला वापरता आलेला नाही. त्या विहिरीत त्या वर्षी पाणी किती होते, याची नोंद आता कुठेच नाही.