मीटरमधला इंडिकेटरचा बल्ब: ‘काढा आणि एलईडी लावा’ या सल्ल्यात काय चुकतं

मोटरसायकलच्या मीटरमध्ये इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा छोटा हिरवा दिवा असतो. त्याच्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय. जुना बल्ब ओढून काढा, त्याच मापाचा एलईडी खोचा, काम झालं. पेटला नाही तर फिरवून लावा. चारही इंडिकेटर एकदम लागले तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदला. भरभर लुकलुकले तर रेझिस्टर (करंटला अडथळा करणारा भाग) टाका. शिवाय बॅटरी वाचते, उजेड वाढतो आणि बल्ब पुन्हा कधी बदलावा लागत नाही.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी गाडीवर खरं ठरतं, म्हणून तर ते पसरतं. पण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच दिवा असलेल्या अनेक गाड्यांत तो बल्ब वायरिंगमधला एक दुवा म्हणून काम करतो. हे लक्षात न घेता दिलेला सल्ला पुढे प्रत्येक पायरीवर घसरतो.

‘पेटला नाही तर फिरवून लावा.’ डावा आणि उजवा असे दोन वेगळे दिवे असतील तर हे बरोबर आहे. एक टोक त्या बाजूच्या वायरला, दुसरं अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला. एलईडीची दिशा चुकली तर अर्धा फेरा फिरवला की भागतं. एकच दिवा असलेल्या गाडीत मात्र बऱ्याचदा होल्डरची दोन्ही टोकं इंडिकेटरच्याच वायरींना जोडलेली असतात: एक डाव्या बाजूला, एक उजव्या. अर्थ तिथे येतच नाही. डावा इंडिकेटर दिला की करंट डाव्या वायरमधून मीटरच्या बल्बमध्ये येतो आणि उजव्या बाजूच्या बंद बल्बांच्या फिलामेंटमधून, म्हणजे आतल्या बारीक तारेतून, अर्थला जातो. उजवा दिला की हाच प्रवास उलट्या दिशेने.

उजवीकडचे बल्ब मग पेटत का नाहीत? हिशेब सोपा आहे. मीटरमधला बल्ब समजा 12 व्होल्ट 1.7 वॉटचा, म्हणजे त्यातून जाणारा करंट साधारण 0.14 अँपिअर. बाहेरचे 10 वॉटचे दोन बल्ब थंड असताना मिळून एक ओहमसुद्धा भरत नाहीत. त्यांच्यावर जेमतेम 0.1 व्होल्ट पडतो, तेवढ्यात फिलामेंट कोमटही होत नाही.

फिलामेंटला दिशा नसते, एलईडीला असते. साधा एलईडी अशा होल्डरमध्ये खोचला की एकाच बाजूला पेटणार, आणि फिरवला की दुसऱ्याच एका बाजूला. शिवाय ज्या बाजूला तो पेटत नाही त्या बाजूच्या प्रत्येक लुकलुकीला त्याच्यावर उलटे बारा व्होल्ट येतात. एका एलईडीला उलटा दाब साधारण 5 व्होल्टपर्यंतच सोसतो, त्यामुळे आत संरक्षण नसलेला स्वस्त बल्ब असाच मरतो.

आपल्या गाडीत कुठली जोडणी आहे हे दोन मिनिटांत कळतं. होल्डर मीटरमागून ओढून बल्ब काढा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन गाडीच्या अर्थला लावा. डावा इंडिकेटर देऊन होल्डरची दोन्ही टोकं तपासा, मग उजवा देऊन पुन्हा. डाव्याला एका टोकावर आणि उजव्याला दुसऱ्या टोकावर व्होल्टेज वर-खाली होत असेल, तर दिवा दोन बाजूंच्या मधे आहे. दोन्ही वेळा एकाच टोकावर होत असेल, तर आत बहुधा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आधीच आहेत आणि साधा एलईडी चालेल. मल्टिमीटर कंटिन्यूटीवर (वायर जोडलेली आहे का हे दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून तपासू नका. बाहेरच्या फिलामेंटमुळे दोन्ही टोकं अर्थला जोडल्यासारखीच दिसतात आणि फसगत होते.

‘दोन्ही दिशांनी पेटणारा एलईडी घ्या, प्रश्न मिटला.’ बाहेरचे चारही बल्ब फिलामेंटचे असतील तर खरंच मिटतो, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्यांना मी हेच सुचवेन. पण बहुतेकांना बाहेरही एलईडी हवे असतात, आणि खरा घोटाळा तिथे होतो.

बाहेर एलईडी लावून मीटरमध्ये जुना बल्ब ठेवला, की त्या बल्बातून पलीकडे जाणारा करंट पलीकडच्या एलईडींना पेटायला पुरतो. डावा दिला की चारही लुकलुकतात. मीटरमध्येही एलईडी असेल तर करंट खूप कमी जातो, पण पलीकडची बाजू मंद मिणमिणू शकते आणि मीटरचा दिवाही फिका पडतो, कारण व्होल्टेज दोघांत वाटला जातो. मागून येणाऱ्याला आपण कुठे वळतोय हे कळलं नाही, तर इंडिकेटर असून उपयोग काय?

‘चारही लागले तर फ्लॅशर बदला.’ नाही. फ्लॅशरचं काम वेळ मोजून करंट तोडण्या-जोडण्याचं आहे. डाव्याचा करंट उजवीकडे जातोय तो मीटरच्या दिव्यातून, स्विचच्याही पुढे. कितीही महागडा फ्लॅशर लावला तरी तो रस्ता उघडाच राहतो.

उपाय आहे दोन डायोडचा. 1एन4007 हा साधा, 1 अँपिअरचा डायोड पुरून उरतो, कारण हा एलईडी थोडेच मिलीअँपिअर घेतो. डायोडच्या एका टोकाजवळ पट्टी छापलेली असते. पट्टी नसलेलं एकेक टोक डाव्या आणि उजव्या वायरला, पट्टीची दोन्ही टोकं एकत्र करून होल्डरच्या एका टोकाला, आणि होल्डरचं दुसरं टोक अर्थला. सोल्डर करा आणि प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड व्हायब्रेशनने सुटतो. आता एका बाजूचा करंट दुसरीकडे जाऊच शकत नाही. शिवाय हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) दिल्यावरही दिवा पेटतो. मूळ जोडणीत तो पेटत नाही, कारण दोन्ही टोकांवर सारखाच व्होल्टेज येतो.

‘भरभर लुकलुकलं तर रेझिस्टर टाका.’ आधी दोष कुणाचा ते बघू. मीटरमधल्या बल्बचा भार दोन-तीन वॉटच, एवढ्याने फ्लॅशरचा वेग फारसा हलत नाही. वेग बदलतो तो बाहेरचे 10 किंवा 21 वॉटचे बल्ब काढल्यावर. रेझिस्टरने वेग जागेवर येतो हे मान्य. चारही पेटणंही त्याने थांबतं, कारण पलीकडच्या करंटला अर्थकडे सोपी वाट मिळते. पण 10 ओहमचा रेझिस्टर 14 व्होल्टवर पेटलेला असताना जवळजवळ 20 वॉट उष्णतेत घालवतो. म्हणजे एलईडीने जे वाचवलं तेच पुन्हा जाळायचं, तेही फेअरिंगच्या (गाडीच्या बाहेरच्या आवरणाच्या) प्लॅस्टिकजवळ. भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा बरा मार्ग. मिनिटाला 60 ते 120 लुकलुकी ही नियमांतली नेहमीची मर्यादा, वेग त्यात बसला पाहिजे.

‘बॅटरी वाचते.’ मीटरच्या या एका दिव्यापुरतं बोलायचं तर नगण्य. दीड वॉटचा फरक, तोही इंडिकेटर चालू असताना आणि त्यातला निम्माच वेळ.

‘उजेड जास्त, म्हणजे चांगलं.’ दिवसा उन्हात, हो. रात्री डोळ्यांसमोर टोचणारा हिरवा ठिपका सतत उघडझाप करत असेल तर अंधारातला रस्ता दिसायला त्रास होतो. पांढऱ्याऐवजी काचेच्याच रंगाचा, म्हणजे हिरव्या काचेमागे हिरवा, एलईडी घ्या. निळसर पांढऱ्या एलईडीत लाल भाग कमी असल्याने पिवळ्या-लाल काचांमागे रंग आणखीच फिका येतो.

‘पुन्हा बदलावा लागत नाही.’ व्हायब्रेशनने फिलामेंट तुटतं, एलईडीत तुटायला फिलामेंटच नाही, हा फायदा खराच. पण आतला रेझिस्टर, सोल्डर आणि होल्डरचा संपर्क यांचं आयुष्य वेगळं. काही फ्लॅशर बाहेरचा बल्ब गेल्यावर मुद्दाम वेग वाढवून सांगतात. भारावर अवलंबून नसलेल्या फ्लॅशरसोबत ही सूचना जाते. मीटरमधला हिरवा दिवा नेहमीच्या वेगाने लुकलुकत राहतो आणि मागचा इंडिकेटर बंद पडलेला असतो. त्यामुळे असा बदल केल्यावर गाडी काढण्याआधी चारही दिवे उतरून, स्वतःच्या डोळ्यांनी बघावे लागतात.