गुळव्याचा हात आणि गच्चीवरची कॉईल

सर, नमस्कार.

घरातली उष्णता सेन्सर लावून मोजावी, असं मी मागे ब्रिटनचं उदाहरण देऊन लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ब्रिटनमधली घरं तापवायच्या गोष्टी कोल्हापुरात कशाला, हा तुमचा पहिला सवाल. आईला बंबाच्या अंगाला हात लावला की पाणी किती तापलंय ते कळायचं, मग सेन्सरचं खूळ कुणासाठी, हा दुसरा. आणि शिरोलीच्या फौंड्र्यांच्या भट्ट्या पेटलेल्या असताना आमच्या आंघोळीच्या पाण्याचा कार्बन मोजून काय मिळणार, हा तिसरा. तिन्ही सवाल रास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं घर तापवावं लागत नाही, हे खरंच. पण पाणी आपण बाराही महिने तापवतो आणि घरातल्या उष्णतेचा मोठा खर्च तिथंच होतो. आमच्याकडंही तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत शेणी आणि चिपाडं, भोवती पाणी. वरून गार पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर यायचं. बादलीत विसण किती घालायचं ते आजीचा हात ठरवायचा आणि तो कधी चुकला नाही. गुऱ्हाळावर गुळव्या पाण्यात गोळी धरून पाक आला की नाही ते सांगतो, तसाच तो हात. पण सर, गुळव्या काहिलीपाशी उभा असतो. आजी बंबापाशी बसलेली असायची. आमच्या गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरपाशी कोण उभं असतं?

आमची टाकी २०० लिटरची, आत विजेवर पाणी तापवणारी २ किलोवॅटची कॉईल. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून कॉईल चालू केली आणि दिवाळी झाली तरी बटण बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पाणी गरम येत होतं, त्यामुळं शंका यायचंही कारण नव्हतं. वीजबिल वाढलं तेव्हा आम्ही फ्रिजवर संशय घेतला. मग मी कॉईलच्या वायरीला चिमट्यासारखा अडकणारा करंट सेन्सर लावला. गरम पाण्याच्या पाइपला तापमानाचा छोटा सेन्सर चिकटवला आणि वरून फोम गुंडाळला. तिसऱ्या दिवशी आलेख बघितला आणि जीव हळहळला. सहा जणांच्या आंघोळी उरकल्या की टाकीत गार पाणी शिरायचं आणि ६ वाजून ५० मिनिटांनी कॉईल चालू व्हायची ती ९ वाजून २० मिनिटांपर्यंत. अडीच तास, म्हणजे ५ युनिट. सूर्य पत्र्याच्या शेडवरून वर येऊन नळ्यांवर पडायचा तोवर टाकी ६० अंशांवर तयार! उन्हाला करायला कामच उरत नव्हतं. छपरावर सोलर असूनही आम्ही रोज विजेवरच आंघोळ करत होतो.

देशातली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर रोजचा साडेतीन किलो झाला. बटण बंद केलं. त्या आठवड्यात दुपारी चारला टाकी ६२ अंश आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५७. नवीन काही बसवलं नाही, आंघोळीचं पाणी कुणाला कमी पडलं नाही.

ब्रिटनबद्दल लिहिलं ते याच कारणासाठी. तिथली बहुतेक घरं गॅस बॉयलरवर तापतात. आधुनिक बॉयलर धुरातल्या वाफेचीही उष्णता काढून घेतो, पण घरभर फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच. तापमान चढं ठेवलं की चांगलं मशीनही गॅस उधळतं आणि खोलीत बसलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो. तिथल्या सरकारी प्रकल्पात ७४२ घरांत हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारी यंत्रं, बसवून मोजणी झाली. हवेतली उष्णता खेचणाऱ्या पंपांचा मध्य एका युनिट विजेमागे सुमारे पावणेतीन युनिट उष्णता असा निघाला. काही घरं त्याच्या बरीच वर होती, काही बरीच खाली. कुठं मांडणी चुकली, कुठं पाणी फार तापवलं, हे मोजल्याशिवाय दिसलंच नसतं.

फौंड्रीचं म्हणाल, तर तिचा धूर आमच्या टाकीपेक्षा कितीतरी मोठा आहे, ते मान्यच आहे. पण तिथं वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतण्याआधी त्याचं तापमान तपासतात. अंदाजानं ओतलं तर कास्टिंग वाया जातं, हे शिरोलीतला प्रत्येक कामगार जाणतो. तीच शिस्त घरातल्या कॉईलला लावा, एवढंच माझं मागणं आहे.

तुमचा एक मुद्दा मला मनापासून पटला. ही माहिती कंपन्यांच्या हातात गेली तर घर कधी रिकामं असतं तेही त्यांना कळेल. म्हणून माझी आकडेवारी घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर राहते, बाहेर जात नाही. वेल्समधल्या ओपन एनर्जी मॉनिटर या गटानं अशा उपकरणांचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत, त्यांचा मला फार उपयोग झाला.

पावसाळ्याचंही तुम्ही बरोबर लिहिलंत. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा कॉईल लागतेच. फक्त ती भर दुपारी चालवावी असं मला वाटतं, कारण ग्रिडमध्ये सौर वीज तेव्हा जास्त असते. टाकी पाणी सकाळपर्यंत धरून ठेवते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांतही दिवसाच्या सौर तासांत वीज स्वस्त ठेवायचं तत्त्व आहे.

आणि एक दुरुस्ती माझ्या बाजूनं. वीज वाचवायला थर्मोस्टॅट ४५ वर ठेवा, असं मी मागे लिहिलं होतं. तसं करू नका. साठवलेलं पाणी कायम कोमट राहिलं तर त्यात फुप्फुसाचा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो. ६० वर तापू द्या आणि विसण घाला.

भाड्याच्या खोलीतल्या माणसानं सेन्सर कशाला विकत घ्यावा, असं तुम्ही विचारलंत. घेऊच नये. पंधरा दिवस मोजलं की काम झालं, मग संच शेजारच्या घरी जावा. माझा सध्या आमच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरात आहे. तिथून मोकळा झाला की तुमच्याकडं घेऊन येतो. तुमच्या गच्चीवर सोलर आहे असं तुम्हीच लिहिलंय. कॉईलचं बटण कुठल्या बोर्डावर आहे तेवढं बघून ठेवा.