मधली धार

काल सकाळचा राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहितोय. डॉक्टरांनी यूरिन रुटीन, म्हणजे लघवीची साधी तपासणी, लिहून दिली, मी इथे इंदूरला राजवाड्याजवळच्या एका लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोराने प्लास्टिकची डबी सरकवली आणि अख्ख्या वेटिंगला ऐकू जाईल असं सांगितलं, "अंकल, पहली धार छोड़ के, बीच की लाना." बाकावरच्या दोन पोरी फिस्सकन हसल्या. पहिल्या धारेबरोबर बाहेरचे जंतू वाहून येतात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टात उगवतं, हे मलाही कळतं, पण तेच हळू बोललं तर लॅबचं लायसन्स जातं का?

बरं, असं जाहीर झाल्यावर कुठली धार नि कुठलं काय. डबी रुमालाखाली लपवून बसलो, तर शेजारी रामबागेतले एक काका.

"उतरत नाहीये का रे भाऊ? नळ सोड, नळ. आवाजाने येते."

स्वतः ते घरूनच घेऊन आले होते. जीरावनच्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या बाटलीत. लेबलसकट.

पोरगा म्हणाला, "अंकल, ये नहीं चलेगी, इसमें मसाला होगा."

"अरे भिया, गरम पानी से धोई है!"

"कब का सैंपल है?"

"सुबह पाँच का. फ्रिज में रखा था." मग माझ्याकडे वळून, मराठीत आणि जरा खालच्या आवाजात, "दाराच्या कप्प्यात. सुनेला माहीत नाही."

आता फ्रिजात ठेवणं चूक नव्हतं हो, बाहेर दोन तासांच्या वर राहिली तर लघवीत जंतू वाढायला लागतात, पण त्या घरात पुढचे पोहे कोणत्या बाटलीतल्या जीरावनने होणार या काळजीने मला घाम फुटला.

काका मात्र पेटले होते. "यांना काय येतंय! आमच्या आईला शुगर होती. रोज सकाळी परीक्षानळीत पाच एमएल बेनेडिक्टचं निळं द्रावण, वर आठ थेंब लघवी, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर पोह्यांबरोबर जिलबी. हिरवं झालं तर अर्धी. पिवळं तर नुसते पोहे. आणि विटकरी आलं की आई म्हणायची, परत कर, नळी नीट धुतली नसशील."

तसं बघितलं तर काकांच्या आईच्याही आधी लोकांनी यात काय काय भोगलंय. लघवीला मुंग्या लागतात ही मधुमेहाची खूण चरकसंहितेत आहे. युरोपात वैद्य काचेचा गोल बुधला उजेडात धरून तक्त्यावरच्या रंगांशी ताडून बघायचे, आणि मला सगळ्यात हेवा याचा वाटतो की पुष्कळदा रोगी घरीच लोळत असायचा, बुधला घेऊन नोकर जायचा. 1674 मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने तर चव घेऊन मधासारखी गोड असल्याचं लिहून ठेवलं. धन्य तो माणूस! पुढे 1776 मध्ये मॅथ्यू डॉब्सनने मधुमेह्याची लघवी आटवली आणि खाली साखर उरलेली दाखवली, पण जिभेची सुटका तेव्हाही झाली नाही, ती साखरही चाखूनच ओळखली. 1956 च्या सुमाराला पट्टी आली. बुडवा, रंग बघा, झालं.

म्हणजे तपासणं मिनिटावर आलं, पण माणसापासून काउंटरपर्यंतचा प्रवास काही सुधारला नाही. संडासाला कडी नाही, डबी ठेवायला फळी नाही, एका हाताने दार धरायचं, दुसऱ्याने डबी, आणि मधली धार ओळखायला तिसरा हात आणायचा कुठून? बाहेर आलो तर काकांनी सगळ्यांसमोर विचारलंच, "आली?"

त्या पोराने माझं नाव मार्करने डबीवर नाही, झाकणावर लिहिलं. काकांचंही. (त्यांना शेवटी नवी डबी घ्यावी लागली, बाटली परत खिशात.) मी म्हटलं, अरे बाबा, झाकणं काढशील तेव्हा कोणतं कोणाचं कसं कळणार? "अंकल, टेंशन मत लो, रोज़ का काम है."

संध्याकाळी रिपोर्ट आला. रंग फिकट पिवळा, शुगर निल, प्रोटीन निल. रंग तर मी फुकट सांगितला असता. डॉक्टर म्हणाले, छान, सगळं नॉर्मल आहे. कोणाचं, ते मी विचारलं नाही.