सुट्टे नाहीत, उद्या या

आज सकाळी अंगणवाडीच्या पालक ग्रुपवर एका बाबांचा मेसेज पडला आणि माझा चहा गार झाला. "ताई, महिना झाला. पोरगं घरी येऊन नुसतं बेडूकउड्या मारतंय. अजून एबीसीडी नाही, वन टू नाही. खेळायचंच असेल तर आमच्या घरी अंगण आहे." खाली सात अंगठे. सात! त्यातले दोन जण स्वतः गुरुजी आहेत.

ताईंनी बिचारीने हात जोडलेली इमोजी टाकली. "सोमवारपासून लिहायला घेऊ सर."

इथे माझं डोकं फिरलं. ग्रुपवर भांडले नाही, कारण माझी लेक तिथेच जाते आणि उद्या परत त्याच दारात या सगळ्यांसोबत उभं राहायचंय. म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सगळे आपलेच आहात, तुम्हाला पोरं का खेळतात हे समजावून सांगायला नको.

माझी आई पारनेर तालुक्यात एका वाडीवर अंगणवाडी सेविका होती. अंगणवाडी भरायची देवळाच्या पडवीत. शनिवारी माझी शाळा सकाळची असायची, सुटली की दप्तर घेऊन मी थेट आईकडे. तिथे एक धनगराचा पोरगा यायचा. चारेक वर्षांचा असेल. जूनपासून येत होता, पण चकार शब्द नाही. नाव पुकारलं की हात वर करायचा, खिचडी खायचा, ताटली धुवायचा आणि निघायचा. मदतनीस मावशींनी तर ठरवूनच टाकलं होतं की पोरगं मुकं आहे.

आईने एका खोक्यावर दुकान मांडलं होतं. पावडरचा रिकामा डबा, काडेपेट्या, चहापत्तीची पाकिटं. पैसे म्हणजे चिंचोके. त्या शनिवारी दुकानदार व्हायला कोणी तयार होईना म्हणून आईने याला बसवलं. एक चिमुरडी आली, मूठभर चिंचोके खोक्यावर आपटले आणि म्हणाली, साखर द्या. यानं चिंचोक्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि हात झटकून म्हणाला, "सुट्टे नाहीत. उद्या या."

मावशींचा डाव खिचडीच्या पातेल्यात तसाच राहिला. तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य, तेही वाण्याच्या तोऱ्यात!

आता त्या बाबांना माझा प्रश्न आहे. हे 'ए फॉर ॲपल' घोकून आलं असतं का हो?

आणि हा महिना काही ताईंनी आळसाने काढलेला नाही. केंद्राचा 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम आहे, तीन ते सहा वर्षांच्या पोरांसाठी, २०२४ मध्ये आलाय. ४८ आठवड्यांचा. त्यातले पहिले चार आठवडे पोरांनी घरातून येऊन तिथे रुळावं यासाठीच आहेत. गाणी, गोष्टी, नाचणं-बागडणं. म्हणजे ज्या महिन्यावर तुम्ही बोट ठेवलंत, तो महिना सरकारनेच खेळायला दिलाय. (सरकारची बाजू घेऊन मी पोस्ट लिहीन असं मलाही कधी वाटलं नव्हतं.)

लेकीच्या अंगणवाडीत या महिन्यात काय काय चाललं ते मी बघितलंय. एक दिवस मटकी आणि तांदूळ एकत्र करून पोरांना निवडायला दिले. एक दिवस बाटलीच्या अरुंद तोंडातून एकेक चिंचोका आत टाकायचा. दिसायला खेळ. पण पोरांची बोटं बघा. अंगठा आणि दोन बोटं, आपण मीठ घेताना, रांगोळी घेताना करतो ती चिमूट. ज्या पोराला चिमूट धरता येत नाही त्याच्या हातात पेन्सिल दिली की ते ती मुठीत धरतं, कुदळ धरल्यासारखी, आणि आपण वर त्याला म्हणतो, अक्षर घाण काढतोस.

हो, इंग्रजीची भीती खरी आहे. मलाही आहे. आणि आमच्या गावातल्या इंग्लिश मीडियममध्ये पंखा आहे, नळाला पाणी आहे, आमच्या अंगणवाडीत बादली भरून आणावी लागते. काही अंगणवाड्यांत तर खेळही नाही आणि अभ्यासही नाही, खिचडी वाटली की कुलूप. मान्य. पुढे.

राग एकट्या त्या बाबांवर नाहीये माझा, लिहिता लिहिता लक्षात येतंय. गेल्या आठवड्यात लेकीचा डबा विसरला म्हणून द्यायला गेले होते. पाण्याचा खेळ चालला होता. दोन घमेली, चार पेले, एक नरसाळं. पोरं कोपरापर्यंत ओली. माझी लेक जीभ बाहेर काढून पेल्यातलं पाणी बाटलीत ओतत होती. इतकी मान खाली घालून ती घरी जेवतही नाही. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सगळ्यांनी इकडे बघा, हलायचं नाही." फोटो. वर पाठवायचा असतो ना. लेकीने वर बघितलं आणि पेलाभर पाणी फ्रॉकवर. खेळाचा फोटो निघावा म्हणून खेळ थांबवला!

ताईंना तरी काय बोलणार? पोषण ट्रॅकरचं ॲप भरा, वजन-उंची भरा, घरपोच आहार देताना बाईच्या चेहऱ्याचा फोटो जुळवा, रेंज नसेल तर गच्चीवर जा. निवडणूक आली की तेही काम, सर्वे आला की तोही. यातून उरलेल्या वेळात पोरांना खेळवा. आणि हातात पडतं त्याला पगार म्हणायची सोय नाही, ते 'मानधन'. २०२३ च्या डिसेंबरपासून पन्नासपेक्षा जास्त दिवस या बायका संपावर होत्या, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी त्यांच्यासाठी पोस्ट टाकली होती? मी नव्हती टाकली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून अंगणवाडी. शंख-शिंपले, बिया, दगड, पानं, जे आजूबाजूला सापडेल ते शिकवायचं सामान. पुढे १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि देशभर हाच शब्द गेला. आपल्या मातीतला शब्द आहे हो हा. आणि आज आपणच म्हणतोय, अंगण घरी आहे, तुम्ही एबीसीडी घ्या.

त्या धनगराच्या पोराकडे परत येते. तो मला सारखा आठवतो, कारण आईच्या रजिस्टरमध्ये त्याचं वजन होतं, उंची होती, लशी होत्या. 'बोलला' असा रकानाच नव्हता. म्हणजे त्या दिवशी वाडीवर जे घडलं ते सरकारदरबारी घडलंच नाही. आज ॲप आलंय.

थांबा, एक गोष्ट लपवली तर ही पोस्ट खोटी होईल. परवा रात्री मी स्वतः लेकीला वही घेऊन बसवलं. जावेने तिच्या पोरीचा व्हिडिओ पाठवला होता, ती फाडफाड वन टू फिफ्टी म्हणतेय. मला राहवलं नाही. 'अ' काढायला लावला. लेकीने पेन्सिल मुठीत धरली. मी बोटं सोडवून नीट धरायला लावली, ती परत मुठीत. तीनदा. चौथ्यांदा मी जोरात धरली तिची बोटं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, उद्या करू?"

तर त्या मेसेजखाली सात अंगठे दिसतात, पण आठवा माझा धरा. ते बाबाही वाईट नाहीत. दूध घालून, पोराला सोडून, ड्यूटीवर जाणारा माणूस आहे. त्यांनाही कोणाच्या तरी जावेने व्हिडिओ पाठवला असेल.

हे सगळं लिहून झाल्यावर आईला फोन लावला. म्हटलं, तुझ्या त्या धनगराच्या पोरावर लिहितेय, सुट्टे नाहीत वाला. ती हसायला लागली.

"अगं येडे, त्याला मोजता कुठं येत होतं? पोरीनं मूठभर आपटले, किती ते कळंना त्याला. म्हणून म्हणला सुट्टे नाहीत."

तीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना मुक्या पोराला वाचा फुटली म्हणून सांगतेय. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? सोमवारी मीच गिऱ्हाईक होऊन गेले. एकच चिंचोका ठेवला. म्हणलं, एकाची साखर द्या शेठ. दिली. मग दोनाची. रोज एखादा वाढवायचा. दिवाळीला दहापर्यंत आला होता गडी. मग वाडा हालला त्यांचा, मेंढरं घेऊन घाट उतरले."

"आणि तू त्याच्या नावापुढे रजिस्टरला काय लिहिलंस?"

"वजन लिहिलं. साडेतेरा किलो."