फावडं पोरांचं, हिशेब कुणाचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, नमस्कार.

वॉटर कप म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा. तिच्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'शहरातली पोरं एक मेला येऊन फावड्यासकट फोटो काढून गेली, त्यानं हवामान बदल थांबतो होय? मी ऊसवाला शेतकरी, मला शिकवू नका. तिकडे चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं केंद्र कोळसा जाळतंय. सरकारचं काम पोरांच्या गळ्यात मारू नका.'

चंद्रपूरचं मान्यच. त्याचा जाब सरकारलाच विचारायला हवा. उतारावर पाणी अडवायला चर खणून धूर कमी होत नाही; पाऊस लहरी झालाय, तर पडेल तेवढा शिवारात मुरावा, एवढाच त्याचा उपयोग.

फोटोवाले होते, नाही कशाला म्हणू? पण २०१६ साली स्पर्धेत वरूड, कोरेगाव, अंबाजोगाई असे तीनच तालुके होते, २०१८ ला ७५ झाले. एप्रिल-मेच्या उन्हात एवढी गावं नुसत्या फोटोसाठी राबत नाहीत. प्रशिक्षण घेतलेली गावातलीच पोरं हायड्रोमार्कर धरायची. आकडे घातलेल्या दोन काठ्या, मध्ये पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी सारख्या आकड्यावर आलं की तिथे चुन्याची फक्की टाकायची. ही रेघ चुकली तर पहिल्याच वळवाला पाणी चराच्या एका टोकाला धावतं आणि भराव फोडून खाली जातं. भूगोलाच्या पुस्तकातली समोच्च, म्हणजे सारख्या उंचीची, रेषा पोरांना कळते ती इथे.

माझं दुखणं वेगळंय. खणून झालं की पोरांना घरी धाडतात. पाणी किती साठलं, कुणी किती उपसलं, कुठलं पीक घ्यायचं, हे ठरवताना त्यांना कोण विचारतं? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांचं कौतुक करायला सगळे पुढे. हा नियम आपल्या गावात आणायचा म्हटलं की सभा तहकूब! चर खणण्यात कुणाचं काही जात नाही ना.

आणि सरकारचंच काम म्हणाल तर ग्रामसभाही कायद्यानंच उभी आहे. मतदारयादीत नाव आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीलाही तिथे तुमच्या-माझ्याएवढाच अधिकार. तुमच्या गावच्या येत्या सभेत पोरांनी बोअरबंदीचा विषय काढला, तर तुम्ही हात वर कराल का? ऊस तुमचाही आहे, म्हणून विचारतो.